पाव सूर खाली

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण ठाण्याच्या बाजारात टोपली मांडून बसणाऱ्या कोळणीला असले चोचले परवडत नाहीत. मी मोरूला मोरूच म्हणते आणि त्याच्या गिटारीला सवत. सत्त्याहत्तर साली मी डोंबिवलीच्या खाडीवरून ठाण्याच्या खाडीवर नांदायला आले, तेव्हा ही बया माझ्याआधीच घरात ठाण मांडून बसली होती. चर्चच्या मागे राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याच्या घरी वर्षभर रविवारची मासळी पोचवून मोरूनं ती मिळवली होती. घरात खाट एकच. खाटेवर सवत आणि खाली चटईवर मी.

मोरूला कुणी शिकवलं नव्हतं. कंपनीतून आला की हातपाय धुऊन उंबऱ्यावर बसायचा. वरून दुसरी तार छेडायचा, कान लावायचा, खुंटी पिळायचा, परत छेडायचा. ती तार मनासारखी लागली की तिच्यावरून बाकीच्या पाच लावायचा. सूर घ्यायला जवळ ना शिट्टी, ना पेटी.

"कशावरून लावतोस रे?" मी एकदा विचारलं.

"कशावरून म्हणजे? सा असतो तसा लावतो."

जसा काही सा खाडीत पोहतो आणि हा त्याला गळ टाकून वर काढतो!

आता माझी सासू. नाव आवडाबाई, पण सगळा कोळीवाडा तिला आय म्हणायचा. आय धवलारीण होती. आमच्याकडे लग्न लागायचं तर आधी धवलारीण लागते. ती पाटावर बसून धवले गाते आणि एकेका देवाला नावानं हाक मारून मांडवात बोलावते. देव झाले की चंद्र, सूर्य, खाडी. मग होडी, वल्हं, जाळं, उखळ, मुसळ. ज्याच्या जिवावर घर चालतं त्या प्रत्येकाला धवल्यातून आवतण जातं, आणि आवतण गेलं की घरच्या सवाशिणीनं उठून त्याला हळदकुंकू लावायचं. कोळ्याच्या लग्नाला माणसं मागाहून येतात, पहिला मान वस्तूंचा.

मी आलेल्याच वर्षी चुलतदिराचं लग्न निघालं. हळदीच्या सकाळी आंघोळ करून आय गावदेवीच्या देवळात गेली, बरोबर मी. देवळातली घंटा जुनी, नारळाएवढी, वापरून गुळगुळीत झालेली. आयनं ती एकदाच वाजवली, आणि तिच्या खाली मान तिरकी करून, डोळे मिटून उभी राहिली. आवाज पार विरेपर्यंत. मग वळून जी चालू लागली ती गप्प. वाटेत कुणी हाक मारली, ओ नाही. दगडाला ठेच लागून अंगठ्यातून रक्त आलं, हूं की चूं नाही. मी आपली बडबड करत होते, तर असं बघितलं माझ्याकडे की माझी जीभ टाळ्याला चिकटली.

मांडवात पाटावर बसली. बाहेर बँडवाल्यांना गप्प केलं होतं, कारण धवल्याच्या वेळी दुसरं काही वाजायचं नाही हा रिवाज. आणि मग त्या मिश्री लावलेल्या, मूठभर हाडांच्या बाईनं तोंड उघडलं.

मी देव पाहिलेला नाही, कसा असतो माहीत नाही. पण त्या आवाजाला तो आला असणार एवढं मला बसल्या जागी कळलं. आवाज गोड नव्हता. खाऱ्या वाऱ्यासारखा होता, सरळ येऊन लागणारा. मांडवातली भांडणं थांबली, रडणारी पोरं थांबली. मी सासूला घाबरायचं ठरवून आले होते. त्या दिवसापासून घाबरायचं विसरले आणि नुसती बघत राहिले.

नंतर मी विचारलं, "आय, येताना बोलत का नव्हतीस?"

"देवीचा शब्द आणते गो," ती म्हणाली. "तोंड उघारलं त सांडंल."

आम्ही सगळे समजलो की ही भक्ती आहे. हात जोडले आणि सोडून दिलं.

मोरूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पैसा नको, नाव नको. आय धवला गाते तेव्हा शेजारी बसून वाजवायचं. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा आमची नीला पाळण्यात होती. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, नीलाकडे बघत होता. मोठी माणसं खरं बोलतात ते असंच, पाळण्याशी.

त्र्याऐंशी साली त्यानं धीर केला. शेजारच्या लग्नात आय गात असताना मांडवाच्या खांबाला टेकून बसला आणि हलक्या हातानं एक तार छेडली. खरं सांगते, मला ते बरं वाटलं. तिच्या आवाजाखाली कुणी घोंगडी अंथरावी तसं. पण धवला मध्ये तोडायचा नसतो, म्हणून आय गातगातच उठली, त्याच्यापाशी गेली आणि गिटारीच्या तारांवर सपकन हात ठेवला. तार मुकी झाली. आय परत पाटावर येऊन बसली. गाण्यात खंड नाही.

घरी आल्यावर म्हणाली, "पोरा, दुसरा आवाज आला की देव वाट चुकतात. वाजव, तुना कोन नको बोलतं? पन बाहेर."

मोरूनं भाकरी तशीच ठेवली आणि उठला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. पण कुठल्याही लग्नात आय गायला बसली की हा मांडवाबाहेर जाऊन उभा राहायचा. गिटार नसायची, तरी डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत असायची. मला ते बघवायचं नाही.

बाहेर मात्र त्यानं वाजवलं. टेंभी नाक्याच्या नवरात्रात वाजवलं, कोळीवाड्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेटच्या मागे बसून वाजवलं, ऑर्केस्ट्रे तर किती झाले. आणि प्रत्येक ठिकाणी तीच रड. सुरुवातीला पेटीवाला सूर द्यायचा, मोरू शहाण्यासारखा गिटार लावून घ्यायचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत त्याचा हात आपोआप खुंट्यांकडे जायचा आणि सगळ्या तारा अंमळ उतरवून ठेवायचा. वर हाच म्हणायचा, "पेटी चढलीये तुमची." लोक म्हणायचे, "अरे मोरू, तू पाव सूर खाली आहेस." शेवटी त्याचं नावच पावसूर पडलं. बाजारात बायका विचारायच्या, "काय गो मालन, पावसूर बरा हाय ना?" मी त्यांना मासे जरा शिळेच द्यायचे.

त्याला टिकवलं ते भगवाननं. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत दोघं एकाच पाळीला. भगवान राहायला कल्याणला. जयंतीच्या दिवसांत त्याची गायनपार्टी गल्लोगल्ली जायची, आणि ढोलकी अशी वाजवायचा की थकलेला माणूस उठून बसावा. त्याला मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "भाऊ, आमचा माणूस पाव सूर खाली असतो."

भगवान हसला. "मालनवहिनी, माझ्या ढोलकीच्या कड्या सरकवल्या की ती कुठं पण उतरते. आणि आमचा गाणारा पण उतरेल. मला ह्याचा हात आवडलाय."

एप्रिल महिन्यात मोरू कल्याणचा व्हायचा. निळ्या झेंड्यांखाली बाकड्यावर बसून वाजवायचा, त्यांच्या घरी जेवायचा. भगवानची पार्टी उतरून त्याच्या सुरात यायची, आणि मग तो असा वाजवायचा की मी पदर तोंडावर धरून रडलेय. ती पाच-सहा वर्षं आमच्या घरातही गाणं होतं. मोरू उंबऱ्यावर, नीला त्याच्या पायाशी, आणि मी कोलंबी सोलत मध्येच चुकीची ओळ म्हणणारी. नीला अगदी त्याच्या तारेत गायची. आय आत मिश्री लावत बसलेली असायची. बरं म्हणायची नाही, वाईट म्हणायची नाही.

नव्वदच्या सुमाराला कॅसिओ आला. भगवाननं पार्टी वाढवून ऑर्केस्ट्रा केला आणि गुरुदत्त नावाच्या मुलाला कॅसिओवर घेतलं. पोरगा हुशार, पण नाक वर. कॅसिओ काही उतरत नव्हता. गुरुदत्त सगळ्यांसमोर म्हणायचा, "काका, तुमच्यामुळे माझं मशीन बेसूर वाटतं." भगवान दोघांच्या मध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखा.

एका गणपतीत डोंबिवलीला कार्यक्रम होता. मी नीलाला घेऊन पहिल्या रांगेत. मोरूला स्टेजच्या टोकाला बसवला होता. तो वाजवत होता, बोटं पळत होती, मान डोलत होती. पण मला त्याचा आवाजच येईना. मग नीलानं माझा हात ओढला आणि दाखवलं. गिटारीची वायर आवाजाच्या खोक्यातून काढलेली होती, तिचं टोक स्टेजवर मोकळं लोळत होतं. पूर्ण कार्यक्रम माझा नवरा मुका वाजवत होता.

मी उठणारच होते. चार शिव्या तर जिभेवर तयार होत्या. पण त्यानं मला बघितलं आणि डोळ्यांनीच नको म्हणाला. त्याला ठाऊक होतं.

परतताना मी म्हटलं, "तू उठून का नाही आलास?"

"हात तर चालू होता ना," तो म्हणाला.

नंतर भगवाननं गुरुदत्तला झापलं म्हणे, वायर परत लागली, आवाज मात्र कायम बारीकच राहिला. मोरूनं सोडलं नाही. मला राग यायचा. म्हणायचे, अरे, एवढी खुंटी पिळ आणि त्यांच्यात मिसळ की! तो मुकाट्यानं पिळायचा आणि तिसऱ्या गाण्याला परत खाली. हट्टी म्हणावा तर तसा नव्हता. त्याला खरंच तो सूर खरा वाटायचा.

सत्त्याण्णव साली गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. संगमरवरी फरशी, नवा कळस, आणि मोठी घंटा. घंटेच्या वर्गणीसाठी मैदानात ऑर्केस्ट्रा ठेवला तो भगवानचाच, आणि त्यात मोरूही बसला. देवीचा धातू देवीकडेच राहावा म्हणून जुनी घंटा वितळवून नवीत मिसळली. सगळ्यांनी ह्या विचाराचं कौतुक केलं, मीसुद्धा. आयनं हे पाहिलं नाही, आणि घंटेचं तिला सांगायचं कुणाला सुचलं नाही. तिचे गुडघे गेले होते. दोन वर्षं ती देवळाच्या पायऱ्या चढली नव्हती आणि धवले गाणंही बंद केलं होतं. "आता नीलाचे लग्नाला गाईन, आनि मग बस," एवढंच म्हणायची.

पुढच्याच वर्षी नीलाचं लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी आयला मी आणि दोघी बायकांनी धरून पायऱ्या चढवल्या. नवी घंटा बघून ती थबकली. दोरी ओढली. काय आवाज होता! छातीत घुमला. मला तर अभिमान वाटला. आयनं मान तिरकी केली, डोळे मिटले. मग परत ओढली. आयुष्यात तिनं घंटा एकदाच वाजवलेली मी बघितली होती. तिसऱ्यांदा ओढली. तोंड मिटून खाली उतरली आणि वाटेत गप्प राहिली. मी म्हटलं, चला, सगळं रीतीनं चाललंय.

मांडवात नीला पिवळं लुगडं नेसून बसलेली. बायका जमलेल्या. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी भगवान आणि गुरुदत्त सामान घेऊन आले होते, तेही मांडवाच्या दाराशी गप्प उभे. आय पाटावर बसली. तोंड उघडलं. आवाज नाही. मिटलं. परत उघडलं, नुसता श्वास आला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. धवला लागल्याशिवाय हळद लावायची नाही. आणि हळदीच्या दिवशी धवलारणीचा आवाज बसला तर लोक काय काय बोलतात ते मला माहीत होतं. नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मालन," आय म्हणाली. शब्द सांडून टाकला तिनं. "देवलानची घंटा आपली नाय."

"नवी आहे आय. जुनी वितळवून..."

"तीच मना आवाज देत होती गो." तिनं देवळाकडे बोट केलं. "तिचा आवाज उचलायचा, तोंडान धरून आनायचा, आनि त्यानंच हाक मारायची. माझे आयनं मना तसाच शिकवला. तिचे आयनं तिला. आता मी कशानं हाक मारू?"

एक बाई म्हणाली, "आय, कुठूनही उचल. कुणाला काय कळतंय?"

"देवाला कळतं," आय म्हणाली.

एकवीस वर्षं मी जिला भक्ती समजत होते ती जपून आणलेली वस्तू होती, घंटेचा सूर, बिनहातांनी आणलेला. देवळापासून मांडवापर्यंत, ठेच लागली तरी न सांडता. आणि आम्ही वाजतगाजत, वर्गणी काढून, ती घंटा भट्टीत घातली होती.

मोरू खांबापाशी उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो वळून घरात गेला. मला वाटलं, रडायला गेला. तर गिटार घेऊन बाहेर आला.

"अरे मोरू, आता नको रे," बायका म्हणाल्या. त्यानं ऐकलं नाही. आयच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसला. खुंटीला हातसुद्धा लावला नाही. वरून दुसरी तार एकदाच छेडली.

आयची मान तिरकी झाली.

तशीच, घंटेखाली व्हायची तशी. डोळे मिटले. तार विरेपर्यंत ती हलली नाही. मग हळूच म्हणाली, "परत."

त्यानं परत छेडली. आयच्या तोंडावर जे आलं ते मी कसं सांगू? हरवलेलं पोर जत्रेत दिसल्यावर आईचं होतं तसं. मला तेव्हा कळलं. हा माणूस तिच्या कडेवर बसून गावातल्या प्रत्येक लग्नाला गेला होता, छातीला कान लावून. सगळं जग त्याला पाव सूर खाली म्हणत होतं, आणि तो देवीची घंटा कानात घेऊन हिंडत होता. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, सा असाच असतो.

आयनं धवला उचलला.

आवाज म्हातारा झाला होता, कडेला फाटला होता, पण वाट तीच. दाराशी भगवाननं हात जोडले होते, आणि गुरुदत्त तोंड उघडं ठेवून उभा. त्या पोराचा चेहरा बघून मला राग धरावासा वाटेना. मोरूनं मात्र पहिल्या हाकेलाच तारांवर पंजा ठेवून त्या मुक्या केल्या होत्या. देव वाट चुकू नयेत म्हणून. पंधरा वर्षांपूर्वीचा तो हात तो विसरला नव्हता.

आयनं देव बोलावले. चंद्र, सूर्य बोलावले. "ये गो ये गो खाडीमाय, नीलाचे मांडवा." खाडीनंतर होडी, होडीनंतर वल्हं, जाळं, उखळ, मुसळ. प्रत्येकाला मी उठून हळदकुंकू लावत होते. मुसळ झाल्यावर आवतण संपतं. मी ताट खाली ठेवू लागले. पण आय थांबली नाही. एक श्वास घेतला आणि त्याच चालीत, त्याच हाकेत म्हणाली, "ये गो ये गो घंटेचे लेकी, मोरूचे तारे, नीलाचे मांडवा."

आणि गातगातच वाकून तिनं मोरूचा पंजा तारांवरून उचलून बाजूला केला.

मोरूनं वाजवलं. आयच्या आवाजाखाली, हलकेच, तीच एक तार. माझा नवरा ढसाढसा रडत होता आणि हात एकदाही चुकत नव्हता.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आवतण गेलं होतं, आता घरच्या सवाशिणीनं उठायचं. मी ताट उचललं. एकवीस वर्षं जिनं मला खाटेवर झोपू दिलं नाही तिच्यासमोर गुडघे टेकले, आणि सवतीच्या कपाळी हळदकुंकू लावलं.